गिंडी कुठल्या अक्षराखाली?

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया आणि मोहिमांवर बोलतो. आजचा विषय वरवर पाहता कारकुनी आहे: यादीत नाव कसं शोधतात. पण फौजेत ज्याने कधी नॉमिनल रोल हाताळला आहे त्याला विचारा, यादीत नाव न सापडणं म्हणजे काय असतं ते. पगार थांबतो, रजा अडकते, आणि माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या बाईचं पेन्शनही अडतं.

कंप्युटरच्या पडद्यावर एक चौकट असते, तीत नावं एकाखाली एक. तुम्ही ‘आर’ दाबता आणि निळी पट्टी उडी मारून ‘आर’च्या पहिल्या नावावर जाते. प्रोग्रामर मंडळी या चौकटीला लिस्ट बॉक्स म्हणतात. विंडोज १९९० नंतर घरोघरी आणि ऑफिसांत पोचलं, १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आलं, आणि मग हौशी माणसालासुद्धा अशी चौकट माऊसने ओढून खिडकीत बसवता येऊ लागली. आपल्याकडच्या असंख्य छोट्या कार्यालयांचे प्रोग्राम असेच बनले. त्या चौकटीच्या पोटात काय चालतं हे कळायला आपण एक गाव घेऊ: चेन्नईतलं गिंडी.

गिंडीच का? एक तर ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत शिकलेल्या प्रत्येकाने ते स्टेशन पाहिलेलं असतं, कारण अकादमी शेजारीच, सेंट थॉमस माउंटच्या बाजूला. दुसरं म्हणजे ते नाव. स्टेशनच्या पाट्यांवर ते तमिळ, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत असतं. इंग्रजीत जी-यू-आय-एन-डी-वाय, म्हणजे यादीत ‘जी’खाली. मराठीत ‘ग’खाली. आणि तमिळमध्ये? तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. उच्चार ‘गिंडी’ असला तरी लिहिताना ते ‘क’च्याच अक्षराने लिहितात, आणि ते तमिळ व्यंजनांतलं अगदी पहिलं अक्षर. म्हणजे एकच स्टेशन एका यादीत स्वर संपले की लगेच, दुसऱ्या यादीत तिसऱ्या व्यंजनाखाली.

एवढ्यावर भागत नाही. देवनागरीतही दोन तऱ्हा आहेत. आपण अनुस्वार देऊन ‘गिंडी’ लिहितो, हिंदीत बऱ्याचदा ‘गिण्डी’ लिहितात. तुमच्या-माझ्या डोळ्यांना फरक शून्य. कंप्युटरला मात्र हे दोन वेगळे शब्द. अक्षरांच्या संकेतक्रमाने लावलेल्या यादीत त्या दोघांच्या मध्ये ‘गिझर’ आणि ‘गिट्टी’ येऊन बसतात.

आता इतिहासाकडे वळू. नावं ऐकून ती यादीत उतरवण्याचं सरकारी काम या परिसरात दोनशे वर्षांहून जुनं आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९४ साली मद्रासेत सर्वेक्षणाची शाळा काढली. मायकेल टॉपिंग हा तिच्यामागचा माणूस. त्याच शाळेचं पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालं, १९२० साली ते गिंडीच्या आवारात आलं, आणि १९७८ पासून ते अण्णा विद्यापीठाचा भाग आहे. एप्रिल १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने सेंट थॉमस माउंटच्या सपाटीवर शंभर फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीची ती सुरुवात. हा लॅम्बटन १८२३ साली वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात.

मोजणीत कोन आणि अंतरं यांना हिशेबाची शिस्त होती. टेकडीच्या नावाला कुठली शिस्त? ज्याने जसं ऐकलं तसं त्याने लिहिलं. एकाच गावाची तीन स्पेलिंगं तीन नकाशांवर. हिंगणघाटचंच घ्या, जुन्या इंग्रजी लिखाणात ते ‘एच-आय-एन-जी-यू-एन’ असंही सापडतं. नकाशावर हे खपून जातं, कारण तिथे तुम्ही जागा बोटाने शोधता. खरी पंचाईत वर्णानुक्रमाच्या यादीत होते. विल्यम विल्सन हंटरला सबंध हिंदुस्थानचं गॅझेटिअर करायचं होतं, गावं अक्षरक्रमाने लावून. तेव्हा त्याने आधी नावं कशी लिहायची याचे नियम ठरवले. १८७१ साली त्याची ती मार्गदर्शिका छापली गेली आणि १८८१ मध्ये गॅझेटिअरचे नऊ खंड आले. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते क्रमासाठी: आधी स्पेलिंग, मग यादी. आपल्याकडची कित्येक कार्यालयं आजही उलटं करतात. हंटरने मात्र रुळलेल्या नावांना हात लावला नाही. म्हणून बॉम्बे बॉम्बेच राहिलं आणि पूना पूना.

माणसांच्या नावांना तर कोणी हंटर भेटलाच नाही. तंजावरकडचे मराठी घ्या. व्यंकोजीराजांच्या मागोमाग गेलेली, नंतर तिथलीच झालेली घराणी. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्यांतलेच. त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. त्यांच्या काळच्या इंग्रजी कागदांत त्यांचं ‘राव’ हे आर-ओ-डब्ल्यू असं दिसतं, आपण ज्याला ‘रो’ म्हणू तसं. आज आपण आर-ए-ओ लिहितो. कोणी आर-ए-यू लिहितात. आणि नावाच्या सुरुवातीचा तो ‘टी’ म्हणजे तंजावर. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी ओळ. तिकडे आद्याक्षर पुढे, आडनाव बहुधा नाहीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आमच्या पलटणींचीही तीच तऱ्हा. आज आपण मराठा लाइट इन्फंट्री म्हणतो. ब्रिटिश काळात तिचं स्पेलिंग होतं एम-ए-एच-आर-ए-डबल टी-ए. टिळकांच्या १८८१ सालच्या इंग्रजी पत्राचं नावही तसंच लिहीत. इंग्रजी यादीत तुम्ही आजच्या स्पेलिंगने ‘एम-ए-आर’ दाबलंत तर जुनी पलटण तिथे नाही. ती कितीतरी वर, मलबार आणि मणिपूरच्याही आधी. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे दोन मराठे, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. त्यांतल्या जाधवांचं आडनाव इंग्रजीत शेवटी ‘व्ही’ लावून, ‘ओ’ लावून आणि मधला ‘एच’ गाळून, असं तीन तऱ्हांनी सापडतं. एवढ्या नामवंत माणसाची ही गत, तर साध्या शिपायाचं काय?

आता त्या चौकटीच्या पोटात शिरू. विंडोजच्या लिस्ट बॉक्सला शोधायला सांगणारे दोन हुकूम आहेत. एक म्हणतो, दिलेल्या अक्षरांनी जी ओळ सुरू होते ती दाखव. दुसरा म्हणतो, अख्खी ओळ जुळली तरच दाखव. दोन्ही लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच धरतात. शोध कुठल्या ओळीपासून सुरू करायचा तेही सांगावं लागतं. तो त्या ओळीच्या पुढून खाली जातो, तळ लागला की परत माथ्यावरून येतो. गस्तीला निघालेल्या पहारेकऱ्यासारखी पूर्ण फेरी. सापडलं तर ओळीचा क्रमांक, नाही सापडलं तर उणे एक.

उणे एक का? कारण ओळींची मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, शून्य म्हणजे पहिली ओळ. नवशिक्या प्रोग्रामरने उत्तर शून्याहून मोठं आहे का एवढंच तपासलं की यादीतलं पहिलं नाव कायमचं बेपत्ता होतं, बाकी सगळी नीट सापडतात. अशी चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते. ज्याचं नाव पहिलं आहे तो एकटाच ओरडत असतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणखी एक मर्यादा: विंडोज ९५ आणि ९८ मध्ये या चौकटीत ३२,७६७ पेक्षा जास्त ओळी मावत नसत. एखाद्या मोठ्या रेकॉर्ड ऑफिसची यादी तिच्यात बसवणं अशक्यच.

पण मूळ अडचण पहिल्या हुकमात आहे: ‘सुरू होते’. मी निवृत्तीनंतर काही काळ चेन्नईत माजी सैनिकांच्या कुटुंबांच्या कागदपत्रांना हातभार लावत असे. एका कार्यालयात एक वयस्कर बाई बसलेल्या दिसल्या. मी फोनवर मराठीत बोललो ते ऐकून त्या उठून आल्या. त्यांची मराठी तंजावरची, आपल्या कानाला जुन्या बखरीतून आल्यासारखी. नवरा हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता वारलेला. फॅमिली पेन्शन सुरू व्हायचं होतं. खिडकीवरचा पोरगा भला होता, पण तो ‘आर’ दाबायचा, नवऱ्याच्या रघुनाथ या नावाची पहिली अक्षरं टंकायचा आणि सांगायचा, ‘लिस्टमध्ये नाव नाही.’ ही त्यांची तिसरी खेप होती.

मी त्याला म्हटलं, आद्याक्षर टाकून बघ. पडद्यावर ओळ आली. आद्याक्षर, टिंब, मग रघुनाथ, तेही ‘टी’नंतरचा ‘एच’ गाळून, आणि शेवटी जुनं आर-ओ-डब्ल्यू. ओळ सगळा वेळ तिथेच होती. ती ‘आर’ने सुरू होत नव्हती एवढंच. पोरगा म्हणाला, ‘सर, हे दुसरंच कोणीतरी असेल.’ शंका रास्त होती, पेन्शन भलत्या माणसाच्या नावे जाऊ नये हेही त्याचं कामच. बाईंच्या पिशवीत डिस्चार्ज बुक होतं. त्यावरचा नंबर आणि नंबराच्या शेवटचं अक्षर पडद्यावरच्या ओळीशी ताडून पाहिलं, आणि काम पुढे सरकलं.

त्या शेवटच्या अक्षराविषयी थोडं सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना ते शोभेचं वाटतं. फौजेतल्या नंबराच्या अंकांना ठरावीक गुणकांनी गुणायचं, बेरीज करायची, अकराने भागायचं. उरलेल्या बाकीवरून एक अक्षर ठरतं. नंबर लिहिताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की अक्षर जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. नावाला अशी सोय नाही. ‘रघुनाथ’ चुकीचं लिहिलं गेलं हे नाव स्वतः सांगू शकत नाही. रेल्वेनेही गावांच्या बाबतीत हेच ओळखलं. गिंडीची पाटी कुठल्याही लिपीत असो, खात्याच्या हिशेबात ते स्टेशन म्हणजे जी-डी-वाय.

मग उच्चारावरून शोधता येणार नाही का? हा विचार अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने केला आणि १९१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पद्धतीचं नाव साउंडेक्स. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय हे टाकून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांना एकसारख्या आवाजांच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे, एकूण तीन. कमी पडले तर शून्यं. तिकडे जनगणनेच्या कार्डांसाठी ती सर्रास वापरली गेली, आणि पुढे डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्येही आली.

आपली नावं घालून पाहा, मजा आहे. मराठा पलटणीचं जुनं आणि नवं स्पेलिंग, दोन्हींचा संकेत एकच: एम ६३०. राव तिन्ही तऱ्हांनी लिहा, आर ०००. छान! पण बंगाल्यांचा रॉयसुद्धा आर ०००, म्हणजे तुम्ही तंजावर शोधायला गेलात आणि हाती कोलकाता लागलं. ‘व्ही’वाले जाधव आणि ‘एच’ गाळलेले जादव, दोघेही जे ३१०. शेवटी ‘ओ’ लिहिणारे जाधव मात्र जे ३००, कारण ‘ओ’ स्वर म्हणून गळला. घाडगे आणि घाटगे दोघे जी ३२०. ही दोन वेगळी घराणी आहेत हे अमेरिकेतल्या माणसाला कोण सांगणार? आणि आपलं गिंडी? इंग्रजी स्पेलिंगने जी ५३०. तमिळ अक्षरं जशीच्या तशी रोमनमध्ये उतरवणारा ‘के’ने सुरुवात करील, त्याचा संकेत के ५३०. आकडे बरोबर, पण पहिलं अक्षर वेगळं, म्हणून भेट होणार नाही. पहिलं अक्षर पक्कं असतं हे रसेलचं गृहीतक तमिळ लिपीच्या दारात पडतं.

झपाट्याने शोधायची दुसरी युक्ती फौजी माणसाला आवडेल अशी आहे. यादी क्रमाने लावलेली असेल तर मधोमध जा. नाव अलीकडे की पलीकडे? नको तो अर्धा भाग सोडून द्या, उरलेल्याच्या मधोमध जा. मघाच्या ३२,७६७ ओळींत या रीतीने जास्तीत जास्त पंधरा वेळा पाहावं लागतं. जॉन मॉचलीने १९४६ साली ही रीत मांडली, पण यादीची लांबी काहीही असली तरी चालेल असं तिचं रूप छापून यायला १९६० उजाडलं. आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक याने दाखवलं की जावा भाषेच्या संचातल्या याच शोधात, यादी अवाढव्य झाली तर मधला क्रमांक काढताना बेरीज ओसंडते.

इथे मराठीपुरती एक गोम आहे. यादी ज्या क्रमाने लावली, त्याच क्रमाने शोधायला हवं. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी. यादी एका क्रमाने लावली आणि शोध दुसऱ्या क्रमाने घेतला की ‘काळे’ आणि ‘कावळे’ यांच्या मध्ये कुठेतरी शोधणारा चुकीचा अर्धा भाग सोडून देतो. नाव यादीत असतं, त्या बाजूला तो जातच नाही.

युनिकोडच्या आधी तर याहून मोठा गोंधळ होता, आणि त्यात गिंडी आणि पुणे एकाच नावेत होते. जुन्या फॉन्टांत अक्षर जसं दिसतं तसं साठवलं जाई. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. म्हणजे किसन, गिरीश आणि विठ्ठल हे तिघेही यादीत वेलांटीखाली एका रांगेत. तमिळमध्येही एकाराची खूण व्यंजनाच्या डाव्या बाजूला बसते, तिथेही तेच. शिवाय प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, एकाची यादी दुसऱ्याला गिचमिड दिसे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या जिस्ट तंत्राने वेगळी वाट धरली: साठवायचं उच्चाराच्या क्रमाने, आधी क मग वेलांटी, आणि दाखवताना यंत्राने जागा बदलायची. त्या विचारावरचं इस्की हे राष्ट्रीय प्रमाण १९९१ साली ठरलं, आणि युनिकोडमधली भारतीय लिप्यांची मांडणीही त्याच वळणाची आहे. इस्कीत सगळ्या लिप्यांना समान संकेत होते, कळ फिरवली की लिपी बदले. मात्र तमिळ गिंडीवर ती कळ फिरवली तर देवनागरीत ‘किण्टि’ उमटे!

तमिळ मंडळींनी आपल्या बाजूने मार्ग काढला. फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईत तमिळनेट परिषद भरली. गिंडीच्या अण्णा विद्यापीठाचे माजी कुलगुरू एम. आनंदकृष्णन यांचा तिच्यात मोठा वाटा होता. तिथून तमिळ ९९ हा कळफलक आणि फॉन्टांचे सरकारमान्य संकेत आले. आपल्याकडे मराठीत इतक्या एकजुटीने हे झालं नाही असं माझं मत आहे. पुण्याकडे तंत्र होतं, तरी मंत्रालयापासून छापखान्यापर्यंत ज्याचा त्याचा फॉन्ट बराच काळ चालू राहिला.

यादीचा घोळ कंप्युटरने आणला असं मात्र समजू नका. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या याद्या आल्या. त्यांत बायकांची नोंद ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी होती. स्वतःचं नाव परक्याला सांगायचं नाही ही रीत. नावाशिवाय नोंद ठेवायची नाही असं ठरलं आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद गळाली. तिथे शोधायला अक्षरच नव्हतं.

आता जे तरुण प्रोग्राम लिहितात, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आपल्या लोकांच्या याद्या हाताळत असाल तर ‘ने सुरू होते’ यावर थांबू नका, ओळीत कुठेही जुळलं तरी दाखवा. आद्याक्षरं वेगळ्या रकान्यात ठेवा. अनुस्वार आणि जोडाक्षर यांची एकच तऱ्हा ठरवून शोधण्याआधी दोन्ही बाजू तिच्यात आणा. राव, जाधव, गायकवाड यांची जुनी स्पेलिंगं जोडून ठेवा. बडोद्याच्या गायकवाडांच्या इंग्रजी नावाच्या शेवटी तर ‘डी’ऐवजी ‘आर’ लिहीत. आणि उणे एक आलं की खिडकीवरच्या पोराला ‘नाव नाही’ असं दाखवू नका. ‘या स्पेलिंगने सापडलं नाही, नंबराने शोधा’ असं दाखवा. तेवढी एक ओळ असती तर त्या बाईंच्या दोन खेपा वाचल्या असत्या.